लेनन-मॅकार्टनी : हिशेब कोणाच्या खाती?

जॉन लेनन श्रेष्ठ की पॉल मॅकार्टनी, हा वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. बीटल्सचा संच १९७० साली फुटला, डिसेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला लेननची हत्या झाली. तरी वाद काही मिटलेला नाही. एका पक्षाच्या मते लेनन हाच खरा कवी, बंडखोर आणि स्पष्टवक्ता. मॅकार्टनी म्हणजे गोड चालींचा कारखानदार. दुसरा पक्ष गाण्यांची मोजदाद पुढे करून मॅकार्टनीचे पारडे जड असल्याचे दाखवितो. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अर्थशास्त्र शिकविण्याचा असल्यामुळे त्याला या वादात रस आहे तो थोड्या निराळ्या कारणाने. दोघांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय दोघांत कसे वाटावे, हा आमच्या शास्त्रातला जुना व अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे इतके तपशीलवार उदाहरण क्वचितच सापडेल.

६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागात, चर्चच्या जत्रेत, ही दोन मुले प्रथम भेटली. लेनन सोळा वर्षांचा, मॅकार्टनी पंधरा. मॅकार्टनीची आई आदल्याच वर्षी कर्करोगाने गेली होती. लेननची आई पुढच्या वर्षी रस्त्यावरील अपघातात गेली. दोघे एकत्र बसून गाणी रचू लागले तेव्हा त्यांनी आपसांत ठरविले की, गाणे कोणीही रचो, नाव दोघांचे लागेल. पोरवयातला हा करार त्यांनी बीटल्स फुटेपर्यंत पाळला. त्यामुळे १९६५ चे ‘येस्टरडे’ मॅकार्टनीने एकट्याने रचले, गिटार आणि चार तंतुवाद्यांच्या साथीने एकट्याने गायिले, इतर तिघांपैकी एकाचाही त्यात सूर नाही. तरी त्यावर नाव आहे लेनन-मॅकार्टनी. उलट १९६९ साली लेननने बीटल्सच्या बाहेर काढलेल्या ‘गिव्ह पीस अ चान्स’वरही मॅकार्टनीचे नाव झळकले.

अर्थात, जाणकारांना या पडद्याआडचे पुष्कळसे दिसते. मुख्य आवाज ज्याचा, गाणे बहुधा त्याचे, हा ढोबळ नियम. तो लावला तर १९६४ च्या ‘अ हार्ड डेज नाइट’मधील तेरा गाण्यांपैकी बहुतेक लेननची ठरतात. १९६६ नंतर मात्र पुढाकार मॅकार्टनीकडे जातो. ‘सार्जंट पेपर’ची मूळ कल्पना त्याची, ऑगस्ट १९६७ मध्ये व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन वारल्यावर तर संच हाकण्याचे कामही बव्हंशी त्यानेच केले. दोघांनीही पुढे मुलाखतींतून गाण्यागणिक हिशेब दिले. आश्चर्य असे की, दीडशेहून अधिक गाण्यांपैकी गंभीर मतभेद निघाला तो दोनांबाबत : ‘एलिनॉर रिग्बी’ आणि ‘इन माय लाइफ’. या दुसऱ्याच्या चालीचा निकाल लावण्यासाठी मार्क ग्लिकमन, जेसन ब्राउन आदी संशोधकांनी संख्याशास्त्र कामाला लावले. दोघांच्या निर्विवाद गाण्यांतील स्वरांच्या व स्वरसंघांच्या सवयी त्यांनी मोजल्या आणि ‘इन माय लाइफ’चे संगीत मॅकार्टनीचे असण्याची संभाव्यता दोन टक्क्यांहूनही कमी आहे, असा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडला. पद्धत चोख आहे. परंतु चाल कोणाच्या सवयीची, एवढेच ती सांगते. समोर दुसरा बसला नसता तर ती चाल इतकी चांगली झाली असती काय, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही.

वस्तूचे मूल्य मागणी ठरविते की उत्पादनखर्च, या वादावर आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात विचारले होते की, कागद कात्रीचे वरचे पाते कापते की खालचे? १९६७ चा फेब्रुवारी महिना पाहिला म्हणजे या दृष्टान्ताची आठवण होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये लेननने ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणले. तो मावशीकडे वाढला. तिच्या घराजवळ मुक्तिफौजेचे अनाथ मुलांसाठी आश्रयगृह होते, त्याच्या आवारात तो लहानपणी खेळे. गाणे धूसर, आतल्या आत वळणारे. डिसेंबर सरण्याच्या आत मॅकार्टनीच्या ‘पेनी लेन’चे ध्वनिमुद्रण सुरू झाले. तेच लिव्हरपूल, पण लख्ख उजेडातले : न्हाव्याचे दुकान, बँकवाला, बसथांबा. दोन्ही गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर निघाली. (ब्रिटनच्या विक्री-यादीत या तबकडीला पहिल्या क्रमांकापासून रोखले ते मद्रासेत जन्मलेल्या एंगलबर्ट हम्परडिंकने! लोकांच्या पसंतीवरून गुणवत्ता ठरवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) एक बाजू ऐकल्यावाचून दुसरी पुरती कळत नाही. त्याच वर्षीच्या ‘अ डे इन द लाइफ’मध्ये तर आरंभ व अखेर लेननची आणि मधला, सकाळी उठून बस गाठणाऱ्या माणसाचा तुकडा मॅकार्टनीचा. दोन अपुऱ्या गाण्यांचे एक पूर्ण गाणे झाले.

हे दोघे प्रतिस्पर्धी होते यात शंका नाही. पुढच्या तबकडीची दर्शनी बाजू कोणाची, यावर त्यांची चढाओढ चाले. परंतु गाणे प्रथम पास व्हायचे ते त्या दुसऱ्याच्या कानावर. मॅकार्टनीचा गोडवा उतू जाऊ लागला की लेनन नाक मुरडणार, आणि लेननचा तिरकसपणा सैल पडला की मॅकार्टनी त्याला बांध घालणार, हे दोघेही जाणून होते. १९६८ च्या आरंभी ऋषीकेशच्या मुक्कामात गाण्यांचा पाऊस पडला खरा. पण त्यांतून निघालेल्या दुहेरी संचात प्रत्येकाने आपापले शेत वेगळे नांगरलेले दिसते.

पैशांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती उद्वेगजनक आहे. त्यांची गाणी ज्या नॉर्दर्न साँग्ज कंपनीच्या मालकीची, तिचे भाग १९६५ साली लंडनच्या बाजारात विक्रीस आले तेव्हा या दोघांचा वाटा प्रत्येकी १५ टक्के होता. १९६९ मध्ये कंपनी एटीव्हीच्या ताब्यात गेली आणि १९८५ मध्ये ४ कोटी ७५ लाख डॉलरना ती गाणी मायकेल जॅक्सनने घेतली. श्रेष्ठ कोण यावर चाहते भांडत राहिले आणि मळा तिसऱ्याच्या नावावर चढला.

फुटल्यानंतरचे काय? लेननचा १९७० चा पहिला स्वतंत्र संच इतका उघडावाघडा आहे की मॅकार्टनीच्या साऱ्या कामात त्याला तोड नाही, असे माझे मत आहे. पण दोनच वर्षांत तो घोषणांना चाली लावू लागला आणि १९७५ नंतर पाच वर्षे मुलाला वाढवीत जवळपास गप्प बसला. मॅकार्टनी मात्र थांबलाच नाही. १९७७ च्या ‘मल ऑफ किंटायर’च्या एकट्या ब्रिटनमध्ये वीस लाखांवर प्रती खपल्या. संख्येने, चालींच्या विविधतेने आणि चिकाटीने तो निःसंशय पुढे आहे. केवळ गोड म्हणून त्याची बोळवण करणे हा अन्याय आहे. तरीही त्या दोन डझन संचांत किती ओळी अशा आहेत, ज्या लेननने ऐकताक्षणी खोडल्या असत्या!

मेलेल्याला तेजोवलय मिळते आणि जगलेल्याला खुलासे करीत बसावे लागते. २००२ मध्ये मॅकार्टनीने आपल्या मैफलींच्या संचात जुन्या गाण्यांवर स्वतःचे नाव आधी घातले, तेव्हा केवढा गहजब झाला. माणूस साठीला येऊन नावांच्या क्रमासाठी झगडतो, हे हास्यास्पद वाटते खरे. पण ‘येस्टरडे’पुरते पाहिले तर त्याची तक्रार खोटी नव्हती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ प्रसिद्ध झाले. लेननने सत्तरीच्या दशकात घरच्या पियानोवर टेप केलेले ते कच्चे गाणे. नव्या यंत्रतंत्राने त्याचा आवाज पियानोपासून वेगळा काढला आणि ८१ वर्षांच्या मॅकार्टनीने त्यात आपला सूर, बास आणि गिटार भरून ते पुरे केले. मूळ टेपमध्ये एक अर्धवट राहिलेला मधला भाग होता. मॅकार्टनीने तो गाळला. गाळला ते बरे की वाईट, यावर चाहत्यांचे पुन्हा दोन तट पडले आहेत. ज्याच्याशी त्याने त्यावर भांडायचे, तो मात्र या वेळी खोलीत नव्हता.