लॉगिनचा उंबरठा (भाग ७) : कुऱ्हाडे यांचा ‘र’

पासवर्डचे नियम आज घेणार होतो, ते पुढच्या आठवड्यात. काना-मात्रांवरचा मागचा लेख वाचून चाकणच्या एका कारखान्यातून प्रश्न आला आहे. तो इतका नेमका आहे की टाळून पुढे जाववत नाही.

त्यांच्या हजेरीच्या लॉगिनमध्ये मराठी युजरनेम चालतं, मात्राही आता अडत नाहीत. तरी कुऱ्हाडे आडनावाचा कामगार मोबाइलवर नोंदणी करतो, गेटवरच्या संगणकावर तेच नाव टाइप करतो आणि ‘युजरनेम सापडत नाही’ असा संदेश येतो. डोळ्यांना दोन्ही नावं हुबेहूब दिसतात.

गोम आहे ‘ऱ्हा’मधल्या आडव्या र मध्ये. तो कीबोर्डनुसार दोन रीतींनी टाइप होतो. पहिली रीत म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की हा ऱ मिळतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह, आणि मग ह. ही युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतली रीत. जुना मजकूर बिघडू नये म्हणून ती आजही चालते. पहिल्या रीतीने ‘कुऱ्हाडे’ ८ चिन्हांचं होतं, दुसरीने ९. डेटाबेसच्या लेखी हे दोन वेगळे कामगार. उद्या दुसऱ्याच कोणी तशाच दिसणाऱ्या नावाने खातं उघडलं, तरी ‘नाव आधीच घेतलेलं आहे’ असं प्रणाली म्हणणार नाही. मला याची धास्ती जास्त वाटते.

‘एनएफसी नॉर्मलायझेशन लावलंय’ एवढ्यावर भागत नाही. एनएफसी, म्हणजे अक्षरांची रूपं एकसारखी करणारी युनिकोडची प्रक्रिया, र आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून ऱ करतं, जॉइनरला हात लावत नाही. न दिसणारी चिन्हं सरसकट पुसणं तर त्याहून वाईट, कारण जॉइनर गेला की र चा रफार होतो आणि माणसाचं आडनाव ‘कुर्हाडे’ होऊन बसतं.

माझा उपाय सरळ आहे. युजरनेमचे नियम तपासण्याआधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा, मग एनएफसी लावा आणि नाव एकमेव आहे का ते या बदललेल्या रूपावर तपासा. नोंदणी आणि लॉगिन, दोन्हीकडे हेच करा. उरलेला जॉइनर फक्त हलन्तानंतरच स्वीकारा. डोमेन-नावांसाठी आरएफसी ५८९२ या इंटरनेट मानकाने २०१० मध्ये अशीच मुभा दिली आहे. जुन्या नोंदींवरही हा बदल एकदा चालवा. तेव्हा दोन खाती एकाच नावावर आली, तर ती हाताने सोडवा, आपोआप एकत्र करू नका.

यावर ‘टोकन नंबरच ठेवा, कटकट मिटेल’ असं काही व्यवस्थापक म्हणतील. मला ते पटत नाही. ठेकेदार बदलला की टोकन बदलू शकतो, नाव माणसाबरोबर राहतं.

बऱ्हाटे, गोऱ्हे, कऱ्हाडे अशा आडनावांच्या वाचकांनी आपापल्या कंपनीच्या लॉगिनवर दोन्ही रीतींनी नाव टाइप करून पाहावं आणि काय झालं आणि कोणत्या कीबोर्डवर, ते मला जरूर कळवावं.