घाई नडते, ती इथेही

सॉफ्टबॉल म्हटला की आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या मैदानावरचा वेगवान खेळ आठवतो. १८८७ मध्ये शिकागोत जन्मलेल्या या खेळाचा ‘स्लोपिच’ हा प्रकार मात्र अमेरिकेत ऑफिसांच्या आणि वस्त्यांच्या संघांतून पन्नाशी-साठीची माणसंही हौसेनं खेळतात. चेंडू खालून, कमान करून टाकायचा; ती कमान जमिनीपासून किमान ६ फूट उंच जायलाच हवी. मग असा अलगद येणारा चेंडू मारण्यात अवघड ते काय, असं तुम्ही विचाराल.

अवघड आहे ते थांबणं. कमान १० फुटांपर्यंत गेली, तर माझ्या हिशेबानं चेंडू बॅटपर्यंत यायला सव्वा सेकंद तरी लागतो. तेवढ्यात धीर सुटतो, वजन पुढच्या पायावर जातं आणि फटका उरतो नुसत्या हातांचा. म्हणून मी नवख्यांना सांगतो, चेंडू कमानीच्या शिखरावर असेपर्यंत वजन मागच्या पायावर ठेवा. तो उतरू लागला की पाऊल टाका, मग बॅट फिरवा.

दुसरा प्रश्न, मारायचं कुठे? इथे क्षेत्ररक्षक ९ नव्हे, १० असतात आणि त्यांतले ४ बहुधा लांब उभे असतात. उगाच उंच मारलं तर झेल ठरलेला. त्यापेक्षा सरळ, सपाट फटका दोघांच्या मधून काढावा. पहिल्या बेसवर आपला धावपटू असेल, तर उजव्या बाजूला मारावं. तिकडून तिसऱ्या बेसवरची फेक लांबची, त्यामुळे त्याला दोन बेस मिळण्याची संधी असते. तोच चेंडू शॉर्टस्टॉपकडे सरपटत गेला, तर एका फटक्यात दोघं बाद होण्याची भीती! तिसऱ्या बेसवर माणूस आणि बाद दोनपेक्षा कमी असतील, तर मात्र खोलवरचा झेलही चालतो. झेल होताच धावपटू घरी पळू शकतो.

होमरनचा मोह कुणाला नसतो? पण अनेक लीगमध्ये होमरनची मर्यादा ठरलेली असते. त्यापुढचा होमरन म्हणजे चक्क बाद. दोन स्ट्राइकनंतर फाउल गेला, तरी बऱ्याच ठिकाणी बादच.

तेव्हा आपल्या माणसाला एक बेस पुढे सरकवणं, हे प्रत्येक फलंदाजाचं पहिलं काम. त्याला दंडातल्या बळापेक्षा नजर आणि धीर लागतो. म्हणूनच केस पिकल्यावरही या खेळात माणूस संघाच्या उपयोगी पडतो.