परदेशी निघालात? ही कायमची हवापालट आहे

पूर्वी मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हवापालट करायला सांगत. महिनाभर पाचगणीला किंवा कोकणात राहून माणूस ताजातवाना होऊन परतत असे. परदेशात स्थायिक होणे हीसुद्धा हवापालटच, पण कायमची. तिथे हवेबरोबर पाणी, ताट, ऊन, भाषा आणि शेजार असे सारेच बदलते.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातूनही आता मुले-मुली इंग्लंडला जातात. कुणी नर्स म्हणून, कुणी कॉम्प्युटरच्या नोकरीवर, कुणी शिकायला. जाण्याआधी ती माझ्याकडे येतात. बॅगेत गोडा मसाला, कुकर, मेतकूट सारे भरून झालेले असते. शरीराची तयारी तेवढी राहून गेलेली असते.

ही तयारी किती महत्त्वाची, हे आपल्या आनंदीबाई जोशींच्या उदाहरणावरून कळते. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या. केवढे हे यश! पण तिथली थंडी, न मानवणारा आहार आणि अभ्यासाचे कष्ट यांत प्रकृती ढासळली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आज क्षय बरा होतो. परदेशगमनाचे फळ आणि त्याची किंमत मात्र आजही हातात हात घालूनच येतात. फरक हा, की ती किंमत आता बरीच कमी करता येते.

निघण्यापूर्वी

सहा महिन्यांहून अधिक काळासाठी इंग्लंडला जाणाऱ्या भारतीयाला क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. ती त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातच होते. माझ्यासारख्याचा दाखला चालत नाही. त्याच सुमारास दात आणि डोळे तपासून घ्या. लसीकरणाची नोंद, विशेषतः मुलांची, सोबत ठेवा. रोजची औषधे चालू असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तीत औषधाचे मूळ नाव लिहायला सांगा. आपण 'क्रोसिन' म्हणतो, तिथे 'पॅरासिटामॉल' म्हणावे लागते. कंपनीच्या नावाने मागितलेली गोळी तिथे मिळेलच असे नाही.

ऊन रुसते तेव्हा

आपल्याकडे उन्हाची तक्रार असते, तिथे उन्हाची वाट पाहावी लागते. डिसेंबरात लंडनला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथल्या उन्हातून त्वचेला पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार करता येत नाही. आपल्या सावळ्या कातडीला तर ऊन अधिकच लागते. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या भारतीय-पाकिस्तानी घरांतील मुलांत मुडदूस इतका आढळला, की १९८१ मध्ये त्याविरुद्ध खास मोहीम काढावी लागली. आज तिथला सरकारी सल्ला असा, की हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट 'ड' जीवनसत्त्व घ्यावे. सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. अंगदुखीला 'थंडी बाधली' म्हणून तेल चोळत बसण्यापेक्षा ही छोटी गोळी बरी.

ताटातला बदल

तिथे दूध, चीज, बटाट्याचे वेफर्स, केक मुबलक आणि हाताशी. थंडीमुळे फिरणे कमी. भूक मात्र वाढते! दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह गोऱ्या लोकांच्या दोन ते चारपट आढळतो आणि तोही लवकरच्या वयात. म्हणून तिथले डॉक्टर आपल्या वजनाची मर्यादा खाली धरतात. गोऱ्या माणसाला वजन-उंचीचे प्रमाण २५ झाल्यावर सावध करतात, आपल्याला २३ लाच. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी हे सुमारे ६२-६३ किलो होते. तेव्हा भाकरी, उसळ, भाजी, ताक ही आपली थाळी तिथेही सोडू नका. रोज अर्धा तास चाला. तिथले पदपथ त्यासाठीच आहेत.

डॉक्टर कसा भेटतो?

'डॉक्टर, तिकडे इंजेक्शन देतच नाहीत हो!' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. खरे आहे. सर्दी-पडशाला तिथे अँटिबायोटिक मिळत नाही, वेळ घेतल्याशिवाय डॉक्टर भेटत नाही, तज्ज्ञाकडे जायला महिनोन् महिने थांबावे लागते. पण दुसरी बाजूही पाहा. पोहोचल्याबरोबर घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवले, की तुमचा कागद न् कागद तिथे राहतो. बाळंतपणात सुईण आणि नंतर आरोग्यसेविका घरी येते. इंग्लंडमध्ये चाळिशीनंतर दर पाच वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहाचा धोका यांच्या तपासणीसाठी बोलावणे येते. आपल्याकडे दुखल्याशिवाय कोण दवाखान्याची पायरी चढतो?

आई-वडिलांची गोष्ट वेगळी. मुलीच्या बाळंतपणासाठी पाहुणी म्हणून गेलेल्या आईला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर सरकारी दराच्या दीडपट बिल येते. म्हणून प्रवासाचा विमा काढताना जुना रक्तदाब, मधुमेह लपवू नका. लपवलेला आजार विम्याचे पैसे बुडवतो.

मनाची हवापालट

कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये परक्या देशातील माणसाच्या मनाच्या पायऱ्या सांगितल्या. आधी सारे नवलाईचे, मग सारे नकोसे, मग हळूहळू सवय आणि शेवटी ते घर आपले वाटू लागते. दुसरी पायरी कठीण. नवरा कामावर, बाहेर अंधार, शेजारी दार लावून बसलेले. अशा घरातली सून आईला फोनवर मात्र 'मजेत आहे' एवढेच सांगते. माझ्या एका पेशंटची मुलगी अशीच चार महिने 'मजेत' होती. झोप नाही, भूक नाही, रडू येते, पण घरी काळजी नको म्हणून गप्प. अखेर तिने तिथल्या डॉक्टरांना सांगितले, उपचार घेतले, इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली. आज ती तिथल्या शाळेत स्वयंपाकघराचे काम सांभाळते आणि थंडीत एकटी गाडी चालवते. तिची आई म्हणते, 'इथे असती तर बाजारालाही कुणाला तरी सोबत घेऊन गेली असती.'

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, तर तो स्वभाव नव्हे, आजार समजा. इंग्लंडमध्ये समुपदेशनासाठी स्वतःहूनही नाव नोंदवता येते. आपल्या माणसांत मिसळा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. पण फक्त मराठी घरांतच फिरू नका. तिथल्या शेजाऱ्याशीही रोज दोन शब्द बोला.

आणि इथे राहिलेल्या आई-वडिलांनो, फोनवर 'जेवलीस का?' एवढ्यावर थांबू नका. 'झोप लागते का? दिवसभरात कुणाशी बोललीस?' हेही विचारा. 'मजेत'च्या मागे काय आहे, ते या दोन प्रश्नांतून कळते.