घोड्याची खोड आणि जाणकाराचा सल्ला

चिकोडी तालुक्यातील अंकली हे कृष्णाकाठचे गाव. दरवर्षी आषाढी वारीच्या आधी येथील शितोळे सरकारांच्या वाड्यातून दोन अश्व निघतात आणि पायी मजल दरमजल करीत आळंदीस पोहोचतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सोहळा सुरू केला, त्याच्याशी अंकलीकरांचे हे नाते जडलेले आहे. रिंगणात एका अश्वावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ माउलींसाठी रिकामी राखलेली असते. टाळमृदंगांचा गजर आणि सभोवार हजारो माणसे, तरीही हे मुके प्राणी नेमके रिंगण धरून धावतात.

आता दुसरे चित्र पाहा. वरातीत बँड वाजू लागतो, फटाका फुटतो, आणि नवरदेवाचा घोडा मागल्या दोन पायांवर उभा राहतो. आपल्या बेळगाव-निपाणी भागातून टांगे जवळजवळ नाहीसे झाले. पण घोडागाड्यांच्या शर्यती आहेत, धनगरांच्या तळावर बिऱ्हाड वाहणारी तट्टे आहेत आणि वरातीचे घोडेही आहेत. त्यांपैकी एखादा बुजतो, एखादा दुगाण्या झाडतो, एखादा गाडीस जुंपताच अडून बसतो. मग ‘जनावर नाठाळ आहे’ असा निकाल देऊन माणूस चाबकाकडे हात नेतो. त्यात मालकाची कमाई बुडते, जवळच्या मुलाला लाथ बसण्याचा धोका असतो, आणि घोडा मार खाऊन अखेर कवडीमोलाने विकला जातो. हे टळावे कसे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम घोड्याचा स्वभाव जाणून घेऊ. घोडा हे मोकळ्या माळावर कळपाने राहणारे, गवत खाणारे जनावर होय. संकट दिसताच पळणे हेच त्याचे मुख्य शस्त्र. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र शेपटीच्या थेट मागचे आणि कपाळाच्या अगदी पुढचे दिसत नाही. म्हणूनच न बोलता मागून जाणाऱ्यास लाथ बसते. त्या लाथेत दुष्टपणा नसतो, भीती असते.

दुसरी गोष्ट दुखण्याची. घोड्यास ‘माझे दुखते’ असे सांगता येत नाही. त्याच्या दाढा चघळून चघळून झिजतात, परंतु त्यांच्या कडा पुष्कळदा धारदार राहतात आणि गालास व जिभेस बोचतात. अशा वेळी लगाम ओढताच तो मान झटकतो. खोगीर पाठीस काचत असेल तर तो पाठीवर कोणास बसू देत नाही. नाल चुकीची बसली असेल तर चालताना अडतो. दिवसभर तबेल्यात बांधलेला आणि पुरेशी वैरण न मिळालेला घोडा लाकूड चावू लागतो किंवा जागच्या जागी डुलत राहतो. ज्यास आपण खोड म्हणतो, ती अशी बहुधा त्याची तक्रार असते.

म्हणून सल्ला घ्यावयाचा तो क्रमाने घ्यावा. आधी आपणच चार दिवस नोंद ठेवावी : खोड केव्हा दिसते, कोठे दिसते, जवळ कोण असते, त्यापूर्वी काय घडले, चंदी-वैरणीत काही बदल झाला काय. ही वही घेऊन प्रथम पशुवैद्यास भेटावे आणि दात, पाठ, खूर, डोळे व पोट तपासून घ्यावे. नंतर नालबंदास खूर आणि कारागिरास खोगीर व साज दाखवावा. शरीरात काही दोष नाही असे ठरले, किंवा असलेला दोष बरा झाला, म्हणजेच चाबुकस्वाराकडे, अर्थात घोडे शिकविणाऱ्याकडे जावे. हा क्रम उलटला तर दुखणाऱ्या जनावरास शिस्त लावण्याचे पाप पदरी येते.

चांगला चाबुकस्वार मारीत नाही. घोडा योग्य पाऊल टाकताच तो लगामाचा ताण तत्क्षणी सैल करतो. ती मोकळीक हेच घोड्याचे बक्षीस. ढोलास बुजणाऱ्या घोड्यास तो आधी दूरचा ढोल ऐकवितो, घोडा शांत राहिला तरच दुसऱ्या दिवशी थोडा जवळ नेतो. अडून बसलेल्या घोड्यास मार देऊन शेवटी सोडून दिले, तर अडल्याने सुटका होते एवढेच तो शिकतो.

आपल्या मनाचाही येथे संबंध येतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा टाप आपटून गणिते सोडवितो, अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्याची परीक्षा करून 1907 साली दाखवून दिले की, त्यास गणित येत नव्हते. उत्तराचा आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी किंचित हालचाल तो टिपीत असे. जो प्राणी एवढे पाहतो, तो आपला राग आणि भीती पाहणार नाही काय ?

ही विद्या आपणांस परकी नाही. विराटाच्या घरी नकुल ‘ग्रंथिक’ या नावाने राहिला, तेव्हा घोड्यांचा स्वभाव, त्यांची चिकित्सा आणि दुष्ट घोड्यांस वळण लावणे आपण जाणतो, असे त्याने सांगितल्याची कथा महाभारतात आहे. स्वभाव, औषध आणि शिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच जाणकाराने सांगितल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जुन्या काळी अंगावरील भोवरे पाहूनही घोड्याचे गुणदोष ठरवीत; आज भोवऱ्यांऐवजी दात आणि खूर पाहावेत, हे बरे. आपल्या देशाच्या 1960 च्या कायद्यानेही जनावरास निर्दयपणे मारणे आणि आजारी जनावरास कामास जुंपणे हा गुन्हा ठरविला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पुढल्या आषाढात अंकलीचे अश्व निघतील, तेव्हा त्यांचे दर्शन अवश्य घ्या. आणि परत येताना वाटेत एखादा अडलेला घोडा दिसलाच, तर ‘नाठाळ’ म्हणण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : याचे काय दुखते आहे ? तो प्रश्न सुचणे ही जाणकारीची पहिली पायरी आहे, असे आम्हांस वाटते.