दूरचित्रवाणीची एक रात्र : प्रकारवैविध्य आणि क्रमयोजना

दूरचित्रवाणीचा अभ्यासक सामान्यतः एखादी मालिका निवडतो, तिचे भाग क्रमाने पाहतो आणि कथानक, पात्रे व आशय यांची चिकित्सा करतो. कादंबरी व नाटक यांच्या अभ्यासातून आलेली ही पद्धती निरुपयोगी नाही; परंतु प्रेक्षकासमोर ती मालिका एक स्वतंत्र कलाकृती म्हणून आली, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात दूरचित्रवाणीच्या पहिल्या काही दशकांत असे क्वचितच घडले. प्रेक्षक बहुधा एक भाग नव्हे, तर एक संध्याकाळ पाहत असे. विनोदी मालिका, बातम्या, गाणी, गुन्हेकथा आणि जाहिराती ही सारी त्याच्या दृष्टीने एकाच रात्रीची अंगे होती. अभ्यासाचे एकक भाग मानावा की रात्र मानावी, हा प्रश्न यातूनच उद्भवतो.

या प्रश्नाची पहिली महत्त्वाची मांडणी रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दूरचित्रवाणीविषयक ग्रंथात केली. अटलांटिक ओलांडून मायामी येथे आल्यावर त्यांनी एक चित्रपट दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यात जाहिराती आणि पुढे दाखवल्या जाणाऱ्या अन्य चित्रपटांची दृश्ये अशा रीतीने मिसळत होती की, कोणते दृश्य कशाचे हे सांगणे त्यांना अवघड झाले. या अनुभवावरून त्यांनी ‘प्रवाह’ ही संकल्पना मांडली. सुट्या कार्यक्रमांच्या मध्ये जाहिरातींचे व्यत्यय येतात, असे मानणे त्यांना अपुरे वाटले. ही सर्व सामग्री मिळून एक योजनाबद्ध प्रवाह तयार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८३ साली होरेस न्यूकम व पॉल हर्श यांनी या विचाराला निराळी दिशा दिली. एका रात्री निरनिराळे कार्यक्रम निवडत प्रेक्षक स्वतःची एक ‘दर्शन-पट्टी’ बनवतो आणि त्या पट्टीत एकाच सामाजिक प्रश्नावरील परस्परविरोधी मते शेजारी येतात, असे त्यांनी दाखवले.

ही तत्त्वे एका उदाहरणावर पडताळून पाहणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील एनबीसी या जाळ्याने १९८४-८५ च्या हंगामात गुरुवारची रात्र पुढीलप्रमाणे रचली होती. पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार रात्री ८ वाजता ‘द कॉस्बी शो’, ८.३० ला ‘फॅमिली टाइज’, ९ ला ‘चिअर्स’, ९.३० ला ‘नाइट कोर्ट’ आणि १० ला तासाभराची ‘हिल स्ट्रीट ब्लूज’. पहिल्या चार अर्ध्या तासाच्या विनोदी मालिका, तर शेवटची पोलिसांच्या जीवनावरील गंभीर मालिका. वरवर पाहता, विनोदानंतर एकाएकी गांभीर्य अशी ही विसंगत जोडणी वाटते. क्रम बारकाईने पाहिला असता मात्र तिच्यामागील योजना उलगडते.

प्रथम स्थळांचा विचार करावा. पहिल्या दोन मालिका कुटुंबाच्या घरात घडतात. तिसरी बॉस्टनमधील मद्यगृहात, चौथी न्यूयॉर्कच्या रात्रकालीन फौजदारी न्यायालयात आणि पाचवी पोलिस ठाण्यात घडते. घराकडून रस्त्याकडे जाणारा हा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. ‘नाइट कोर्ट’चे स्थान येथे विशेष लक्षणीय आहे. तिची रीत विनोदाची असली तरी तिची सामग्री अटक, किरकोळ गुन्हे व आरोपी यांची आहे. हसतहसत प्रेक्षक पोलिस ठाण्याच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. दुसरी गोष्ट कथाबंधाची. ‘कॉस्बी’मधील घरगुती पेच बहुधा अर्ध्या तासात सुटतो. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’मध्ये सकाळच्या हजेरीपासून अनेक कथासूत्रे एकमेकांत गुंफली जातात आणि त्यांतील काही पुढील भागांपर्यंत लांबतात. मुले झोपी जाण्याची वेळ आणि कथेतील गुंतागुंत वाढण्याची वेळ यांचा येथे मेळ घातलेला आहे.

या योजनेचे मूळ अर्थकारणात आहे. जाळे जाहिरातदाराला प्रेक्षकांचे लक्ष विकते. म्हणून एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होण्याच्या सांध्यावर प्रेक्षक उठून जाणार नाही, ही चिंता क्रमयोजनेच्या केंद्रस्थानी असते. ‘चिअर्स’ला १९८२-८३ च्या पहिल्या हंगामात प्रेक्षक फारच थोडे होते. १९८४ च्या सप्टेंबरात ‘कॉस्बी’ त्याच रात्रीच्या आरंभी आली, आणि १९८५-८६ च्या हंगामात ‘कॉस्बी’ व ‘फॅमिली टाइज’ या मालिका प्रेक्षकसंख्येत पहिल्या व दुसऱ्या स्थानी पोहोचल्या. ‘चिअर्स’ही आघाडीच्या मालिकांत गणली जाऊ लागली. याचे सर्व श्रेय क्रमाला देणे अयोग्य होईल, कारण लेखनाचा दर्जाही उच्च होता. परंतु क्रम वगळून या यशाचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही.

वैविध्यामागे नेहमी हेच कारण असते असे मात्र नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राचे आरंभीचे दशक याच्या तुलनेसाठी उपयुक्त आहे. मुलांसाठी ‘किलबिल’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, श्रमिकांसाठी ‘कामगार विश्व’, शिक्षणासाठी ‘ज्ञानदीप’, रंजनासाठी ‘गजरा’ आणि चित्रपटगीतांसाठी ‘छायागीत’ असे कार्यक्रम या केंद्राने दिले. येथील वैविध्य कर्तव्याच्या वाटणीतून आलेले होते. समाजाच्या प्रत्येक घटकाला त्याचा वाटा मिळावा, ही त्यामागील भूमिका. त्यामुळे शेजारी कार्यक्रमांत साम्य राखण्याची निकड नव्हती. परंतु वाहिनी एक आणि घरात संच एक, अशा स्थितीत वाटणीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. गाण्यांची वाट पाहणाऱ्या शहरी कुटुंबासमोर पिकांवरील रोग आणि खतांचे प्रमाण यांची चर्चाही येत असे. जो कार्यक्रम ज्याच्यासाठी नव्हता, तोही त्याच्या दृष्टीस पडत असे. एनबीसीच्या रात्रीने भिन्न प्रकारांमधील अंतर सांधले. मुंबईच्या रात्रीने ते उघडे ठेवले आणि प्रेक्षकालाच ते ओलांडावयास लावले.

येथे संशोधनपद्धतीचा प्रश्न उभा राहतो. संग्रहात प्रामुख्याने भाग जतन होतात. दोन कार्यक्रमांमधील निवेदन, सूचना व जाहिराती बहुधा गळून पडतात. तबकडीवर ‘हिल स्ट्रीट ब्लूज’चे भाग सलग पाहणाऱ्या अभ्यासकापुढे ती मालिका असते, पण दोन तासांच्या हास्यानंतर ओढवणारे तिचे गांभीर्य नसते. म्हणून वृत्तपत्रांत छापलेली कार्यक्रमपत्रके ही दुय्यम साधने न मानता संहितेचाच भाग मानली पाहिजेत, आणि एखाद्या भागाचा अर्थ लावताना त्याच्या आधी काय व नंतर काय, हे नोंदवले पाहिजे.

आज मागणीनुसार पाहण्याच्या सेवांमुळे क्रम ठरवण्याचा अधिकार पुष्कळ अंशी प्रेक्षकाकडे आणि त्याच्या पूर्वीच्या निवडींवरून शिफारस करणाऱ्या यंत्रणेकडे गेला आहे. प्रकार आता वेगवेगळ्या रांगांत मांडलेले असतात. जो आवडतो त्याच्याशेजारी त्याच्यासारखाच दुसरा येतो. निवडीचे स्वातंत्र्य यामुळे वाढले, हे निर्विवाद आहे. परंतु न मागितलेल्या प्रकाराशी होणारी गाठ, आणि तीही असंख्य घरांत एकाच वेळी होणारी, दुर्मिळ झाली. या बदलाचे मोजमाप करावयाचे तर आधी त्या जुन्या रात्रींचे क्रम जुळवून घ्यावे लागतील. केवळ मालिकांच्या याद्यांतून ते हाती येणार नाही.