पिकाचूवरचा आरोप आणि सहा सेकंदांचा उजेड

“ते पिवळं कार्टून पोरांना दाखवू नका. जपानमध्ये ते बघून शेकडो मुलं दगावली.”

पोकेमॉन मालिकेतल्या पिकाचूचा विषय निघाला की हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. कधी ते काळजीने बोलणाऱ्या आजीचं असतं, कधी शिकल्यासवरल्या पालकांचं. दर वेळी त्यात थोडी भर पडते. मुलं दगावली, वेडी झाली, आंधळी झाली, सरकारने कार्टूनवर बंदी घातली. पोकेमॉन मालिका भारतात कार्टून नेटवर्कवर येऊन वीस वर्षं उलटली. तेव्हा ती बघणारी मुलं आज आईबाप झाली आहेत, तरी ही गोष्ट आहे तशीच चालू आहे. म्हणून एकदा ती नीट सांगायला हवी, कारण तिच्यात खऱ्याचा एक अंश आहे. तो अंश महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच गोष्ट सांगणाऱ्यांच्या हातून निसटतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या घटनेत एकही मूल मेलं नाही. एकही नाही.

आता घडलं काय ते पाहू. १६ डिसेंबर १९९७, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला टीव्ही टोकियोवर पोकेमॉनचा अडतिसावा भाग लागला. त्यात पोरिगॉन नावाच्या, संगणकात जन्मलेल्या पोकेमॉनबरोबर मालिकेतला मुलगा अॅश आणि त्याचे मित्र संगणकाच्या आत शिरतात. तिथली व्हायरसविरोधी यंत्रणा त्यांनाच व्हायरस समजून त्यांच्यावर क्षेपणास्त्रं सोडते. पिकाचू आपल्या विजेने ती उडवतो आणि पडदा स्फोटाने भरून जातो. हा स्फोट दाखवायला चित्रकारांनी लाल आणि निळा रंग एकाआड एक, सेकंदाला सुमारे बारा वेळा, असा जवळजवळ सहा सेकंद लखलखवला. तेव्हा सहा वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. त्यानंतरच्या काही मिनिटांत जपानच्या निरनिराळ्या भागांतून रुग्णवाहिकांना फोन जाऊ लागले. मुलांना मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास होत होता, काहींची शुद्ध हरपली होती, काहींना सरळ फिट आली होती. रुग्णालयात नेलेल्या मुलांची नोंद ६८५ आहे. त्यांतली बरीचशी वाटेतच किंवा काही तासांत सावरली, काहींना दाखल करून घ्यावं लागलं.

म्हणजे घटना खरी आहे. चूक होते ती तिचं कारण सांगताना.

आपल्यापैकी काहींचा मेंदू उघडझाप करणाऱ्या प्रकाशाला फार संवेदनशील असतो. डोळ्यांनी पाठवलेल्या माहितीवर काम करणाऱ्या मेंदूतल्या पेशी एरवी आपापल्या तालाने चालतात. ठरावीक वेगाची उघडझाप त्या सगळ्यांना एकाच तालावर आणते. बहुतेकांच्या मेंदूत याला आवर घालणारी व्यवस्था सक्षम असते. काहींच्यात ती अपुरी पडते आणि फिट येते. याला प्रकाशसंवेदनशील अपस्मार म्हणतात. साधारण चार हजार माणसांत एकाला तो असतो आणि सात ते एकोणीस या वयात त्याचं प्रमाण इतरांच्या काही पट असतं. गडद लाल रंगाची उघडझाप विशेष त्रासदायक. लाल-निळ्याची आलटापालट त्याहून वाईट, कारण त्यात उजेड फारसा कमी-जास्त झाला नाही तरी डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना आळीपाळीने हिसके बसतात. पडदा नजरेत जितका मोठा भरेल तितका परिणाम जास्त. जपानमध्ये डिसेंबरात साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो. अंधारल्या खोलीत टीव्हीला नाक लावून बसलेली लाखो शाळकरी मुलं, आणि समोर सेकंदाला बारा वेळा लाल-निळं. धोक्याच्या सगळ्या अटी एकाच क्षणी जुळून आल्या होत्या.

यात पिकाचू कुठे आहे? वीज त्याची होती, एवढंच. त्याच्या जागी आगगाडी असती, मोटारींची शर्यत असती, साबणाची जाहिरात असती, तरी तेच झालं असतं. हे मी अंदाजाने म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १९९३ साली नूडल्सच्या एका जाहिरातीतल्या लखलखाटाने तिघांना फिट आली होती आणि त्यानंतर तिथल्या दूरचित्रवाणी नियामकाने उघडझापीवर मर्यादा घातली. खुद्द जपानमध्ये, पोकेमॉनच्या घटनेआधी काही महिने, मार्च १९९७मध्ये एनएचकेवरच्या दुसऱ्याच एका कार्टूनने काही मुलांना असाच त्रास झाला होता. २०१८ साली आलेल्या ‘इन्क्रेडिबल्स २’ या चित्रपटातही अशीच दृश्यं होती आणि डिस्नेने चित्रपटगृहांना प्रेक्षकांसाठी सूचना लावायला सांगितलं होतं. त्या चित्रपटात पिकाचू नव्हता.

“पण त्या मुलांना आधीपासूनच आजार असणार,” असं दुसऱ्या बाजूने सांगितलं जातं. हाही गैरसमजच, आणि जास्त धोक्याचा. ‘एपिलेप्सिया’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली रॉबर्ट फिशर, ग्रॅहम हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार त्या संध्याकाळी ज्यांना फिट आली, त्यांतल्या जेमतेम चौथाई मुलांना त्याआधी आपणहून फिट येऊन गेली होती. बाकीच्यांच्या घरी कुणाला कल्पनाही नव्हती. प्रकाशसंवेदनशीलता वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकते. ‘आमच्या मुलाला काही नाही’ हे वाक्य म्हणूनच पुरेसं नसतं.

मग ‘बारा हजार मुलांना फिट आली’ असं छापलं जातं, तो आकडा कुठून आला? तो हवेतून आलेला नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. घटनेनंतरच्या दिवसांत शाळांमध्ये चौकशी झाली आणि सुमारे बारा हजार मुलांनी आपल्याला काही ना काही त्रास झाल्याचं सांगितलं. बेंजामिन रॅडफर्ड आणि रॉबर्ट बार्थोलोम्यू यांनी २००१ साली ‘सदर्न मेडिकल जर्नल’मध्ये याची छाननी केली. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या संध्याकाळी मोजक्या मुलांना खरोखर प्रकाशामुळे फिट आली. नंतर वाढत गेलेल्या आकड्यात मात्र बातम्या, वर्गातली चर्चा आणि भीती यांतून पसरलेली डोकेदुखी-मळमळ मोठ्या प्रमाणात होती. याचा अर्थ मुलं खोटं बोलत होती असा कुणी लावू नये. भीतीने दुखणारं डोकं खरंच दुखतं. पण ‘बारा हजार मुलांना फिट आली’ हे विधान चूक आहे आणि ते छापणाऱ्यांनी दोन मिनिटं खर्चून तपासायला हवं होतं. त्याच रात्री काही बातम्यांमध्ये तेच दृश्य पुन्हा दाखवलं गेलं आणि आणखी काही मुलांना त्रास झाला, हे वाचून तर आजही संताप येतो.

बंदीबद्दलही असंच. मालिका सुमारे चार महिने थांबली आणि १६ एप्रिल १९९८ रोजी पुन्हा सुरू झाली. कायमचा हद्दपार झाला तो तेवढा एक भाग. तो पुन्हा कधी दाखवला गेला नाही आणि जपानबाहेर कुठल्याच देशात प्रसारित झाला नाही. त्यामुळे भारतात ज्यांनी टीव्हीवर पोकेमॉन पाहिला त्यांनी तो भाग पाहिलेला नाही. ‘आमच्या चिन्याला त्याच भागाने चक्कर आली’ असं कुणी सांगितलं तर त्या चक्करचं कारण दुसरीकडे शोधा. ते शोधायलाच हवं.

या सगळ्यात शिक्षा झाली ती पोरिगॉनला. वीज पिकाचूने सोडली, रंग चित्रकारांनी निवडले, पण भागाच्या नावात पोरिगॉन होता म्हणून डाग त्याला लागला. पिकाचू या उद्योगाचा चेहरा, त्याला कोण हात लावणार? पोरिगॉनला आणि पोरिगॉन२, पोरिगॉन-झेड या त्याच्या पुढच्या रूपांना मालिकेच्या कथेत नंतर जागाच मिळाली नाही. सप्टेंबर २०२०मध्ये पोकेमॉनच्या अधिकृत खात्यावरून पोरिगॉनने काहीच चूक केली नव्हती अशा आशयाचा संदेश टाकला गेला आणि थोड्याच वेळात काढूनही टाकला. एका काल्पनिक प्राण्यावरच्या अन्यायाने कुणाचं बिघडत नाही हे मला मान्य आहे. पण चुकीच्या आरोपीला पकडलं की खरं कारण लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि त्याने मात्र बिघडतं.

जपानच्या प्रसारकांनी हे कारण ओळखलं, हे त्यांचं श्रेय. एप्रिल १९९८मध्ये एनएचके आणि खासगी वाहिन्यांच्या संघटनेने मिळून नियम केले. उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त नको, गडद लाल रंगाची तर जपूनच, आणि लाल-निळ्यासारख्या रंगांची झटपट आलटापालट टाळायची. ‘खोलीत पुरेसा उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसा’ ही सूचना जपानी कार्टूनांच्या सुरुवातीला दिसते, ती तेव्हापासूनची. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही तीनचीच मर्यादा आहे.

पिकाचूबद्दलचे बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, ते भराभर संपवतो. त्याच्या शेपटीचं टोक काळं नाही, कधीच नव्हतं. काळी टोकं कानांना आहेत, शेपटी बुडाशी तपकिरी आहे, आणि सगळी काळी शेपटी असते ती पिचूची. तो हिमालयातल्या पिका या सशाच्या गणातल्या प्राण्यावरून बेतलेला नाही. त्याच्या चित्रकार आत्सुको निशिदा यांनी २०१८ साली एका मुलाखतीत सांगितलं आहे की गालांत वीज साठवण्याची कल्पना त्यांना गालांत खाऊ भरणाऱ्या खारीवरून सुचली. तो पहिला पोकेमॉनही नाही आणि सुरुवातीपासूनचा नायकही नाही. फेब्रुवारी १९९६मध्ये आलेल्या पोकेमॉनच्या मूळ व्हिडिओ खेळांत तो दीडशेंपैकी एक होता, सगळ्यांत आधी रेखाटला गेला तो ऱ्हायडॉन, आणि पिकाचूला नायकपद मिळालं ते १९९७च्या मालिकेमुळे. त्याच्या ‘एक लाख व्होल्ट’च्या हल्ल्याने माणूस जागच्या जागी मेला पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की इजा ठरते ती शरीरातून किती प्रवाह किती वेळ वाहतो यावर. थंडीत स्वेटर काढताना बसणारा चटकाही काही हजार व्होल्टचा असतो. निसर्गातला खरा विक्रम दक्षिण अमेरिकेतल्या ईलसारख्या दिसणाऱ्या एका विद्युत माशाचा, ८६० व्होल्ट, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. आणि खेळातल्या ‘लॅव्हेंडर टाउन’चं संगीत ऐकून जपानी मुलांनी आत्महत्या केल्याची गोष्ट निव्वळ इंटरनेटवर रचलेली भयकथा आहे.

शेपटीच्या रंगावरून वाद घातल्याने कुणाला इजा होत नाही. फिटबद्दलच्या गैरसमजाने होते. त्यात आपल्याकडचे गैरसमज जपानच्या कुठल्याही अफवेपेक्षा घातक आहेत.

फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवला जातो, चप्पल हुंगवली जाते, मुठीत किल्ली कोंबली जाते. याचा काडीमात्र उपयोग नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, तोवर कांदा शोधून आणलेला असतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. दातखिळी बसू नये म्हणून तोंडात चमचा घातला जातो. त्याने दात तुटतात, जबड्याला इजा होते. हातपाय दाबून धरणं, पाणी पाजणं हेही तितकंच चूक. करायचं ते सोपं आहे. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा आणि तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.

आणि पडद्यापुरतं बोलायचं तर मुलांना कार्टून बघू द्या. पण दिवा लावून, लांबून. मोबाइल अंधारात तोंडाजवळ धरून नको. टीव्ही बघताना, खेळ खेळताना किंवा वरातीतल्या डीजेच्या लखलखत्या दिव्यांपुढे मूल क्षणभर हरवल्यासारखं झालं, हात झटकला गेला, डोळे फडफडले, तर ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञ ईईजी काढताना मुद्दाम उघडझाप करणारा दिवा दाखवून ही संवेदनशीलता तपासतात, आणि तिच्यावर औषधं आहेत. अशा मुलाला एक गोष्ट शिकवून ठेवा. समोर लखलखाट सुरू झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतून लाल उजेड आत येतच राहतो.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही, एकामागून एक येत राहिली किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर वाट बघू नका, १०८ला फोन करा.