चुन्यात दडलेली आग

दिवाळी तोंडावर आली की पूर्वी अनेक घरांच्या अंगणात सफेदीसाठी चुना भिजवला जाई. भांड्यातील पांढऱ्या खड्यांवर पाणी पडले की थोड्याच वेळात ते चरचरत फुटू लागत, वाफा निघत आणि पाणी खदखदू लागे. खाली चूल नाही, कुणी काडीही ओढलेली नाही. मग ही उष्णता येते कुठून? मुलांना जादू वाटणारा हा प्रकार म्हणजे खरे तर जुनी ठेव परत मिळण्याचा प्रकार आहे.

भट्टीत भरलेली ठेव

हे पांढरे खडे म्हणजे चुनकळी. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे चुनकळी उरते. ही ताटातूट सहजासहजी होत नाही. एक किलो चुनकळी मिळवण्यासाठी सुमारे ३,१८० किलोज्यूल उष्णता नुसत्या या फोडाफोडीत खर्ची पडते. दगड तापवण्याचा आणि वाया जाणाऱ्या धगीचा खर्च वेगळाच. अशा, उष्णता शोषून घेणाऱ्या क्रियेला उष्माग्राही अभिक्रिया म्हणतात.

भट्टी विझते, खडे गार होतात; पण खर्ची पडलेली उष्णता नाहीशी झालेली नसते. चुनकळीला पाणी मिळाले की दोघांचा संयोग होतो आणि किलोमागे सुमारे १,१६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. साध्या पाण्याचे साडेतीन लिटर उकळीला आणायला ती पुरेशी आहे. ही झाली उष्मादायी अभिक्रिया.

मग उरलेल्या ठेवीचे काय? ती भिंत परत करते. भिंतीवर लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणूनच जुन्या वाड्यांचा चुना काळानुसार घट्ट होत गेला. या क्रियेत किलोभर चुनकळीमागे सुमारे २,०२० किलोज्यूल उष्णता सुटते. पण ती इतकी सावकाश, की भिंतीला हात लावून कळत नाही. आता बेरीज करून पाहा : १,१६० आणि २,०२० मिळून ३,१८०! जेवढे घेतले तेवढे परत.

हेसचा नियम

ही बेरीज योगायोगाने जमलेली नाही. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या जर्मेन हेस या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये हा नियम मांडला. क्रिया एका टप्प्यात होवो वा चार टप्प्यांत, उष्णतेचा एकूण हिशेब तोच राहतो. गडावर पायवाटेने चढा की गाडीरस्त्याने, पायथा आणि माथा यांच्या उंचीतील फरक बदलत नाही, तसेच हे. उघड्या भांड्यात, म्हणजे हवेच्या कायम दाबाखाली, क्रिया घडताना जी उष्णता घेतली किंवा दिली जाते, तिला शास्त्रज्ञ एन्थाल्पीतील बदल म्हणतात. निसर्गाच्या या हिशेबात कुणी कुणाला चुना लावू शकत नाही!

डोळे सांभाळा

हिशेब पक्का असला तरी ठेव एकदम बाहेर पडली तर घात होतो. चुनकळीच्या ढिगावर थोडेसेच पाणी पडले तर उष्णता सामावून घ्यायला पुरेसे पाणी नसते. मग चटका देणारे शिंतोडे उडतात. म्हणून रुंद, लोखंडी भांड्यात आधी भरपूर पाणी घ्यावे आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडावी. प्लॅस्टिकची बादली वापरू नये, मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा. चुनकळी बंद बाटलीत भिजवण्याचा खेळ तर कधीच करू नये.

पानाला लावायचा चुना आधीच भिजवलेला असतो. तो गरम होत नाही, म्हणून निरुपद्रवी समजला जातो. पण तो तीव्र अल्कधर्मी असतो. खेळता खेळता चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबली गेली आणि चुना डोळ्यात उडाला, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून निदान वीस मिनिटे धुवावा, पापणीखालचे कण पाण्याने वाहून जाऊ द्यावेत आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. लिंबू किंवा व्हिनेगर घालून चुना मारण्याचा प्रयत्न करू नये. आम्ल आणि अल्क यांच्या संयोगातूनही उष्णताच निघते. शिवाय आम्लाची इजा वेगळी.

हाताला गार लागते ते सारे थंड नसते. चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवण्यासाठी एवढे ध्यानात असले तरी पुरे.